शेवटच्या पंधरा दिवसांत मत खरंच फिरतं का?

नागपुरातल्या एका एम.ए.च्या विद्यार्थ्याने विचारलं आहे: '२०२४ मध्ये महाराष्ट्राने लोकसभेला एक कौल दिला आणि सहा-सात महिन्यांत विधानसभेला अगदी उलटा. म्हणजे लोक शेवटच्या काही दिवसांतच ठरवतात असं धरायचं का? सभा, पैसा, व्हॉट्सअ‍ॅप, योजना, यांतलं नेमकं काय चालतं? यावर लघुप्रबंध करायचा आहे.' मी राज्यशास्त्र शिकवते आणि विदर्भातल्या बऱ्याच निवडणुकांत मतदार सर्वेक्षणाचं काम करवून घेतलं आहे. प्रश्न मोलाचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी माझं उत्तर. पक्का मतदार सहसा फिरत नाही. शेवटच्या दिवसांतल्या घडामोडी मुख्यतः दोन गोष्टी ठरवतात: तो मतदानाला जाणार की घरी बसणार, आणि त्याच्या मनात एकाच वेळी असलेल्या चार विचारांपैकी बटण दाबताना कोणता वर असेल. याशिवाय खरोखर तळ्यात-मळ्यात असलेला एक गट असतो. तो लहान असतो, पण चुरशीच्या जागेवर निकाल त्याच्या हातात जातो. आपण सरसकट 'मत फिरलं' म्हणतो तेव्हा या तिन्ही गोष्टींची सरमिसळ झालेली असते. ती वेगळी करणं हेच तुमच्या प्रबंधाचं खरं काम.

तुमचंच उदाहरण घ्या. लोकसभेला महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा, महायुतीला १७. विधानसभेला २८८ पैकी एकट्या भाजपच्या १३२ आणि महायुतीचे तिन्ही पक्ष मिळून २३०. आघाडी पन्नाशीच्या आसपास. हे वाचून राज्यच उलटं झालं असं वाटतं. पण लोकसभेला पडलेली मतं पाहा. दोन्ही आघाड्यांच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता. म्हणजे जून २०२४ मधला तो मोठा दिसणारा कौल मतांच्या हिशेबात काठावरचा होता. विधानसभेला अंतर खरोखर वाढलं, आणि त्याच वेळी मतदान ६१ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेलं. या वाढीवरून आणि मतदारयाद्यांवरून पुढे मोठा राजकीय वाद झाला. त्यात मी इथे शिरत नाही, पण प्रबंधात त्याची नोंद तुम्हाला घ्यावीच लागेल. माझा मुद्दा एवढाच की जुने किती फिरले आणि नवे किती आले, हे एकूण टक्केवारीतून कधीच कळत नाही.

आता नागपूर शहर बघा. २०१४ ला शहरातल्या विधानसभेच्या सहाही जागा भाजपकडे होत्या. २०१९ ला चार भाजप, दोन काँग्रेस: पश्चिम आणि उत्तर. मधल्या पाच वर्षांत शिवसेना फुटली, राष्ट्रवादी फुटली, तीन वेळा मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला, लोकसभेचा झटका बसला, लाडकी बहीण आली. २०२४ ला शहराचा निकाल काय? चार भाजप, दोन काँग्रेस. तेच पश्चिम, तेच उत्तर. इतकं वादळ येऊनही ज्या शहरात जागांचा हिशेब तसाच राहतो, तिथे लोक शेवटच्या आठवड्यात ठरवतात असं सरसकट म्हणणं मला पटत नाही.

पण त्याच शहरात लोकसभेचं मताधिक्य पाहा. नितीन गडकरी २०१४ ला २ लाख ८४ हजारांनी, २०१९ ला २ लाख १६ हजारांनी आणि २०२४ ला १ लाख ३७ हजारांनी निवडून आले. माणूस तोच, पक्ष तोच, उड्डाणपूल आणि मेट्रोची कामं उलट वाढलेली. मग मताधिक्य उतरलं ते का? एक मोठं कारण समोर उभे कोण होते, यात आहे. २०१४ ला विरोधी मतं काँग्रेस, बसप आणि आम आदमी पक्षात वाटली गेली होती. २०२४ ला वंचित बहुजन आघाडीने नागपुरात काँग्रेसच्या विकास ठाकरे यांना पाठिंबा दिला आणि बसपची मतंही आटली. मतदाराचं मन न बदलताही त्याच्यापुढचे पर्याय बदलतात, आणि पर्यायांची ही यादी उमेदवारी अर्ज मागे घेण्याच्या दिवशी, म्हणजे मतदानाच्या जेमतेम दोन-तीन आठवडे आधी पक्की होते. अल्पकालीन प्रभावांमध्ये याला मी सगळ्यात वरचं स्थान देते. याची चर्चा सगळ्यात कमी होते.

उत्तर नागपूरचं उदाहरण तुम्ही नीट अभ्यासा. २०१४ ला तिथे भाजप जिंकली, बसप दुसऱ्या आणि काँग्रेस तिसऱ्या क्रमांकावर राहिली. पुढच्या दोन्ही वेळा काँग्रेस. इंदोरा, जरीपटका भागात काम केलेल्या कोणालाही विचारा, तिथल्या बऱ्याच घरांत शेवटच्या चार दिवसांतली चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते: 'यंदा जमते कोणाचं?' आवडता पक्ष कोणता हे त्या घराला पक्कं ठाऊक असतं. मत वाया जाऊ द्यायचं का, एवढंच ठरायचं बाकी असतं. हे गणित विहारात, पानठेल्यावर, लग्नाच्या मांडवात बसून जुळतं, आणि ते खरोखर शेवटी जुळतं. नागपुरात उशिरा ठरवणारा मतदार कुठे सापडेल असं मला विचाराल, तर मी आधी इथे पाठवेन. मध्य नागपुरातही असंच काहीसं होतं. तिथे २०२४ ला भाजपने हलबा समाजाचे आमदार विकास कुंभारे यांच्याऐवजी प्रवीण दटके यांना उभं केलं आणि हलबा समाजातून अपक्ष उमेदवार पुढे आला. गोळीबार चौक, तांडापेठ, नाईक तलाव या विणकरांच्या वस्त्यांत एका तिकिटाने पिढ्यांची सवय हलली. तरी जागा भाजपकडेच राहिली, हेही लक्षात ठेवा.

रामटेक लोकसभेचं प्रकरण याच प्रकारचं. २८ मार्च २०२४ ला काँग्रेसच्या उमेदवार रश्मी बर्वे यांचं जात प्रमाणपत्र रद्द झालं, उमेदवारी अर्ज बाद झाला, आणि पर्यायी अर्ज भरलेले त्यांचे पती श्यामकुमार बर्वे काँग्रेसचे उमेदवार झाले. मतदान १९ एप्रिलला. तीन आठवड्यांत ज्या माणसाचं नाव लोकांना नवीन होतं तो पंचाहत्तर हजारांहून जास्त मतांनी निवडून आला. (प्रमाणपत्र रद्द करण्याचा तो निर्णय पुढे सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रद्दबातल ठरवला.) याला सहानुभूती म्हणायची का? काही प्रमाणात, हो. पण माझ्या मते त्या घटनेने काँग्रेसकडे आधीच झुकलेल्या माणसाला चीड आणली, आणि चिडलेला माणूस भर उन्हात रांगेत उभा राहतो.

घटना आणि परिणाम यांचं नातं सरळ नसतं हे काटोलला दिसलं. १८ नोव्हेंबर २०२४ च्या संध्याकाळी, प्रचार संपल्यानंतर, शरद पवार गटाचे नेते अनिल देशमुख यांच्या गाडीवर दगडफेक झाल्याची आणि त्यांच्या डोक्याला दुखापत झाल्याची बातमी राज्यभर गेली. त्यांचे चिरंजीव सलील तिथे उमेदवार होते. मतदानाला एकच दिवस मध्ये होता. सहानुभूतीची लाट येणार असं बोललं जात होतं. सलील देशमुख हरले, तेही मोठ्या फरकाने. उलट १९९१ ची गोष्ट पाहा. २० मेला पहिल्या टप्प्याचं मतदान झालं, २१ मेला राजीव गांधींची हत्या झाली आणि उरलेलं मतदान जूनमध्ये गेलं. हत्येनंतर जिथे मतदान झालं तिथे काँग्रेसची कामगिरी स्पष्टपणे चांगली होती. दोन्ही घटना शेवटच्या क्षणीच्या, तरी फरक का? एक तर आघाताचा आकार. दुसरं म्हणजे १९९१ ला लोकांना तीन आठवडे मिळाले, एकमेकांशी बोलायला आणि त्या घटनेचा अर्थ लावायला. काटोलला अर्थ लावायलाच एक दिवस होता, आणि त्यातही दोन्ही बाजूंचे अर्थ तयार होते. कोणतीही घटना मतदारापर्यंत कोणाच्या तरी तोंडून पोहोचते. ज्याने त्याने आपल्या माणसाचं ऐकलं.

हे निरीक्षण फार जुनं आहे. १९४० साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एरी काउंटीमध्ये पॉल लाझर्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच त्या माणसांना मे ते नोव्हेंबर पुन्हा पुन्हा भेटून विचारलं. प्रचाराने मतं पालटतात हे सापडेल अशी त्यांची अपेक्षा होती. सापडलं उलटं. एका बाजूकडून खरोखर दुसऱ्या बाजूला गेलेले दहांत एकसुद्धा भरले नाहीत. बहुतेकांचा आधीचा कल प्रचाराने पक्का झाला, आणि रेडिओ-वर्तमानपत्रांपेक्षा ओळखीतल्या जाणत्या माणसाचा शब्द जास्त चालला. आज रेडिओच्या जागी व्हॉट्सअ‍ॅप आहे. एखादा मेसेज किती ग्रुपवर फिरला हे मोजून फार हाती लागत नाही. तो मावसभावाने पाठवला की अनोळखी नंबरवरून आला, हे विचारा.

२०२४ च्या एप्रिलमधला 'संविधान बदलणार' हा मुद्दा याच वाटेने गेला. त्याचं मूळ चारशे पारच्या घोषणेत आणि काही नेत्यांच्या विधानांत होतं. भाजपने तो अपप्रचार असल्याचं सांगितलं. तरी मुद्दा वस्त्यांत उतरला. नागपुरात १४ एप्रिलला आंबेडकर जयंती, संविधान चौकात रात्रभर गर्दी. १७ एप्रिलला रामनवमी, पोद्दारेश्वर राम मंदिराची शोभायात्रा. आणि १९ ला मतदान. एकाच आठवड्यात शहराच्या दोन मोठ्या समूहांना आपण कोण आहोत याची ठळक आठवण झाली. मत कोणाला, हे बहुतेकांना आधीच माहीत होतं. त्या आठवड्याने त्याला निकड दिली. तुम्ही कॅलेंडर समोर ठेवून प्रबंध लिहा, हे मी मनापासून सांगते. सण, जयंत्या, लग्नतिथी, पेरणी, पगाराची तारीख, परीक्षा यांची नोंद नसेल तर विश्लेषण अर्धंच राहतं.

लाडकी बहीण योजनेवर जास्त लिहावं लागेल, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथेच आहे. २०२४ च्या जूनअखेर अर्थसंकल्पात घोषणा, महिना १५०० रुपये, रक्षाबंधनाच्या तोंडावर पहिले हप्ते, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पैसे आचारसंहितेच्या आधीच खात्यात. आघाडीने ३००० चं आश्वासन दिलं, महायुतीने २१०० चं. मोठा आकडा आघाडीचा होता. तरी तो चालला नाही, कारण एका बाजूला आश्वासन होतं आणि दुसऱ्या बाजूला बँकेचा मेसेज. पारडीकडच्या एका वस्तीत एक बाई बोलता बोलता मोबाईल पुढे करून म्हणाली, 'पैसे आले म्हणून मत नाही देऊन राहिली मी. पण कोणाच्या राज्यात आले, हे तर समजते ना.' तो मेसेज तिने जपून ठेवला होता. पैसा तिच्या स्वतःच्या खात्यात आला होता. आधार जोडणीसाठी ती स्वतः बँकेत उभी राहिली होती, अर्ज स्वतः भरून घेतला होता. नवऱ्याच्या पक्षापेक्षा वेगळं मत असायला तिला पहिल्यांदा स्वतःचं कारण मिळालं. राज्यात महिलांचं मतदान २०१९ च्या विधानसभेतल्या ५९ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर गेलं. सगळी वाढ या योजनेमुळे झाली असं मी म्हणणार नाही, कारण पुरुषांचंही मतदान वाढलं. पण दोघांमधलं अंतर कमी झालं, ते महत्त्वाचं.

त्याच वेळी ग्रामीण भागात सोयाबीन होतं. हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये, आणि बाजार समितीत बऱ्याच शेतकऱ्यांना त्याच्या खालीच विकावं लागत होतं. ओलाव्याच्या नावाखाली आणखी कापलं जायचं. राग खरा होता, आणि तो ऐन निवडणुकीच्या हंगामात होता. तरी नागपूर जिल्ह्याच्या ग्रामीण सहा जागांपैकी पाच महायुतीला मिळाल्या. फक्त उमरेड काँग्रेसकडे गेली. एकाच घरात सोयाबीनचा तोटा आणि दीड हजारांचा हप्ता, दोन्ही होते. कोणता विचार वर आला, ते घराघरावर अवलंबून होतं, आणि घरात कोणाचं मत मोजायचं यावरही. तुम्ही घरातल्या कर्त्या पुरुषालाच विचारत गेलात तर तुमच्या वहीत सगळीकडे सोयाबीनच उतरेल.

यामागे मतदाराच्या स्मरणाचा स्वभाव आहे. पाच वर्षांचा हिशेब करून मत देतो असं लोक प्रामाणिकपणे सांगतात, पण निवडणुकीच्या वर्षातली परिस्थिती त्यांना जास्त आठवते, हे अमेरिकेतल्या अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. सरकारांनाही ते ठाऊक असतं. १९९८ ला दिल्लीत कांद्याच्या भावाने भाजपची सत्ता गेली असं आपण म्हणतो. तो भाव दोन वर्षं आधी चढून उतरला असता तर कदाचित कोणाच्या लक्षातही राहिला नसता.

पैशाबद्दल थोडक्यात. 'लक्ष्मीदर्शन' होतं, आणि प्रचार थांबल्यापासून मतदानापर्यंतच्या रात्रीला कार्यकर्ते अजूनही कत्तल की रात म्हणतात. देणारा आणि घेणारा दोघंही कायद्याने गुन्हेगार. पण पैसे घेतले म्हणून मत त्यालाच गेलं, असं धरू नका. मत गुप्त आहे आणि लोकांना ते पक्कं माहीत आहे. अनेक ठिकाणी सगळ्यांकडून घेतात आणि मनाला येईल तिथे देतात. मग उमेदवार का वाटतात? न वाटल्यास 'हा लढतच नाही' असा बोभाटा होतो म्हणून, आणि मधल्या फळीतला कार्यकर्ता हातून जाऊ नये म्हणून. मला याची चीड येते. वाटपाने निकाल फिरो न फिरो, ज्याच्याकडे पैसा नाही तो चांगला माणूस उमेदवारीचा विचारही करत नाही. हा परिणाम कोणत्याही सर्वेक्षणात सापडत नाही, कारण तो माणूस मतपत्रिकेवर कधी आलेलाच नसतो.

मतदानाच्या दिवसाकडे अभ्यासक फार दुर्लक्ष करतात. १९ एप्रिल २०२४ ला शुक्रवार होता, जोडून शनिवार-रविवार, वर एप्रिलचं ऊन. नागपूर मतदारसंघात मतदान ५४ टक्क्यांच्या आसपास थांबलं. विधानसभेला निवडणूक आयोगाने मुद्दाम बुधवार निवडला, शहरी लोकांनी सुट्टी जोडून बाहेर जाऊ नये म्हणून. केंद्रापासून ठरावीक अंतरावर पक्षांचे टेबल लागतात. तिथे अर्धा दिवस थांबा. चिठ्ठी मिळाली का, नाव यादीत सापडलं का, खोली क्रमांक बदलला का, म्हाताऱ्या आईला आणायला रिक्षा मिळाली का, यावर किती मतं पडतात आणि किती परत जातात ते डोळ्यांनी दिसेल. अमेरिकेत न्यू हेवन शहरात ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी १९९८ ला प्रयोग केला. दारावर जाऊन समोरासमोर केलेल्या विनंतीने मतदान ठळकपणे वाढलं, फोनने जवळपास काहीच फरक पडला नाही. आपल्याकडे बूथप्रमुख हे कुठलाही शोधनिबंध न वाचता जाणतो. दुपारी तीननंतर तो यादीवर खुणा करत कोणाच्या दाराशी जातो ते पाहा. पक्षाची खरी ताकद तिथे कळते.

चिन्हाचा घोळही मोजा. सातारा लोकसभेत २०२४ ला शरद पवार गटाचे शशिकांत शिंदे बत्तीस हजारांहून थोड्या जास्त मतांनी हरले आणि त्यांच्या पक्षाच्या, तुतारी वाजवणाऱ्या माणसाच्या चिन्हाशी साम्य असलेल्या पिपाणीवर लढलेल्या अपक्षाला सदतीस हजार मतं पडली. त्यातली किती चुकून पडली हे कोणी सिद्ध करू शकत नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट ही नाही.

आता पद्धतीबद्दल, कारण प्रबंध तिथेच फसतात. 'तुम्ही केव्हा ठरवलं?' हा प्रश्न निवडणुकीनंतर एकदाच विचारून भागत नाही. माणूस आठवणीतून उत्तर देतो आणि आठवण निकालाने रंगते. निकालानंतर 'आम्ही जिंकणाऱ्यालाच दिलं' म्हणणारे प्रत्यक्ष मतांपेक्षा नेहमी जास्त भरतात. म्हणून तीच माणसं तीनदा भेटा: अर्ज मागे घेतल्यावर, प्रचार थांबायच्या आधी, आणि मतदानानंतर पण निकालाआधी. 'कोणाला मत देणार' हे तोंडी विचारू नका. चिन्हं छापलेला कागद द्या आणि घडी करून पेटीत टाकायला सांगा, लोकनीती या निवडणूक अभ्यासगटाची सर्वेक्षणं करतात तसं. कागदावर अनुक्रमांक असू दे, म्हणजे तीन भेटींची उत्तरं जुळतील, आणि तो कशासाठी आहे हे त्यांना आधी सांगा. मताचा कागद आधी, महागाई-योजनांचे प्रश्न नंतर. क्रम उलटा केलात तर तुमच्याच प्रश्नाने त्यांच्या मनात महागाई वर येईल आणि तुम्ही ती शोध म्हणून लिहाल.

महापालिकेची निवडणूक निवडलीत तर एक वेगळी संधी आहे. चार सदस्यांच्या प्रभागात एकच माणूस चार बटणं दाबतो. चारही एकाच पक्षाला दिली की एखादं ओळखीच्या उमेदवारासाठी फोडलं, हे विचारा. जुनी निष्ठा आणि ताजा प्रभाव एकाच मतदाराच्या चार मतांत शेजारी-शेजारी दिसतात, हे विधानसभेत कधी मिळणार नाही. दोन प्रभाग पुरेत, एक महाल-इतवारीकडचा जुना, एक मानेवाडा-हुडकेश्वरकडचा नवा, जिथे निम्मी माणसं बाहेरून येऊन राहिली आहेत. बायकांना बायकांनीच आणि वेगळं भेटावं. सोबत एखादी मैत्रीण घ्या. पहिल्या फेरीतली उत्तरं मोजायच्या आधी दहा-बारा घरांतली संभाषणं शब्दशः लिहून मला पाठवा, प्रश्नावली त्यावरून दुरुस्त करू.